ताई, त्यांना सांगा

व्रतं करणाऱ्या बाईजवळ कहाण्या साठतातच. पोथीतल्या श्रावणाबरोबर संपतात, घरातल्या काही संपत नाहीत! आमच्या दिनकरभाऊजींच्या आणि कुमुदच्या गाण्यांच्या तबकडीच्या तर इतक्या आहेत, की हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की एक तरी निघतेच.

दिनकरभाऊजी माझे धाकटे दीर, कुमुद त्यांची बायको, पलूसची. बेलबॉटमच्या त्या दिवसांत सांगलीत गिटार गळ्यात अडकवून सायकल चालवणारे भाऊजी एकटेच असावेत. ते वाजवायचे, कुमुद गायची आणि तेलाच्या रिकाम्या डब्यावर ताल धरायची. धाटणी इंग्रजी रॉकची, शब्द मात्र आपल्या घरातले. कुणी विचारलं, "बाकीची पार्टी कुठाय?" तर कुमुद म्हणायची, "भांडायला दोघंच पुरतात!"

*

बिनसलं ते गणपतीतल्या कार्यक्रमात. गाणं कुमुदचं होतं. शब्दही तिचे, चालही तिची. टाळ्या थांबेनात. भाऊजी हुरळले, माइकसमोर गेले आणि म्हणाले, "शब्द आणि चाल, दोन्ही माझीच!"

मी कुमुदकडे पाहिलं. ती पदरानं डबा पुसत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं भाकऱ्या थापल्या, नीट झाकून ठेवल्या आणि माहेरची एस्टी धरली. भाऊजी आणायला गेले तर दारातूनच निरोप मिळाला, "नांदायला येणार न्हाई. गायला येईन. तबकडी करायची तर भांडणाच्याच गाण्यांची, आन् कव्हरवर माझं नाव आधी."

भाऊजी कबूल झाले. मी सोळा सोमवार धरले. मागणं मोठं नव्हतं. या दोघांनी एकमेकांशी सरळ एक वाक्य बोलावं, एवढंच. सोळा झाले, पुन्हा धरले. सासूबाई म्हणाल्या, "देवालाबी जरा दम खाऊ दे की गं!"

*

भाऊजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान सोमवारी बंद असायचं, म्हणून तालीम सोमवारी, आमच्या माजघरात. कुमुद यायची, सासूबाईंच्या पाया पडायची, डबा पुढ्यात घ्यायची. गाताना दोघं एकमेकांचे वाभाडे काढायचे. गाणं संपलं की मात्र मधे मी!

"ताई, त्यांना सांगा, दुसऱ्या कडव्यात घाई करतात."

"वहिनी, हिला सांगा, घाई नाही, ठेका आहे तो."

"ताई, त्यांना सांगा, एस्टी पकडायची असली तर आधी सांगत जा."

दोघांत अंतर दोन हातांचं! सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "थोरली तारघरातच कामाला लागली जनू!"

*

अशात गिटारच्या दांड्याला तडा गेला. भाऊजींनी ती मिरजेला एका सतारवाल्यांकडे नेली. म्हाताऱ्यांनी गिटार उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "हिचा भोपळा कुठं पडला?"

दांडा त्यांनी झकास जोडला. वर मायेनं तारांखालची घोडीही सतारीसारखी घासून दिली. झालं! तार छेडली की गिटार झणझणायची, आवाज घशात दाटल्यासारखा यायचा. भाऊजी डोकं धरून बसले.

आतून कुमुद म्हणाली, "ताई, त्यांना सांगा, तिला आता कुठं रडता यायला लागलंय. हात लावू नका म्हणावं."

पुढं तबकडी ऐकून लोक भाऊजींना विचारायचे, "हा आवाज कुठल्या विलायती मशिनचा?" भाऊजी सांगायचे, "मिरजेचा!"

*

एका गाण्यात सून म्हणते, नवरा जेवताना रेडिओशी बोलतो, माझ्याशी नाही. सासूबाई पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकत होत्या.

"कुनाच्या घरचं म्हनायचं हे?" त्यांनी विचारलं.

कुमुदनं खाली बघून सांगितलं, "आपल्याच, आत्याबाई."

सासूबाई पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "मीठ कमी पडलं की मातूर त्यास्नी तोंड फुटतं. त्ये ऱ्हायलं की गं घालायचं!"

ते कडवं सासूबाईंचं आहे. कव्हरवर त्यांचंही नाव घालायला कुमुदनंच लावलं.

*

साताऱ्याच्या कार्यक्रमात एक पेन्शनर सुभेदार पुढच्या रांगेत ताठ बसले होते. कुमुदनं फौजीच्या बायकोचं गाणं म्हटलं. रजेवर आलेल्या नवऱ्याशी काय बोलायचं ते तिला सुचत नाही आणि रजा संपते, असं ते गाणं. सुभेदार मधेच उठले, तरातरा निघून गेले. भाऊजींचा चेहरा पडला.

कार्यक्रम संपत आला तेव्हा सुभेदार परत आले. मागं त्यांची मंडळी, हाताला पीठ तसंच. स्टेजजवळ येऊन म्हणाले, "पोरी, मगाचं पुन्हा म्हण. हिनं ऐकलं न्हाई."

कुमुदनं म्हटलं. त्या माउलीनं डोळ्याला पदर लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "आवं, पर हे माझ्या मनातलं तुमाला कुनी सांगितलं?"

*

श्रावणी सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन धरते. त्या दिवशी तालीम आली. कुमुद सवयीनं म्हणाली, "ताई, त्यांना सांगा..." मी ओठांवर बोट ठेवलं.

दोघं अडकले! बराच वेळ नुसती तार जुळवणं चाललं. मग कुमुदनं डब्यावर थाप मारली आणि गाऊनच विचारलं, "वाट सोडून गेलं कोण, सांगा वाट सोडून गेलं कोण?"

भाऊजींनी तार छेडली आणि गाऊनच उत्तर दिलं, "वाट माझी, चूक माझी, दार लावून बसलं कोण?"

असं दिवे लागेपर्यंत चाललं. तबकडीवरचं सगळ्यात गाजलेलं गाणं ते हेच. मी देवापुढं निरांजन लावलं आणि आनंदानं तोंड उघडलं, "चहा टाकू?"

दोघं चिडीचूप!

सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "थोरले, तू आनि थोडं दिस गप ऱ्हा गं!"

*

तबकडी वाजवायला नेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, शेवटचं गाणं संपलं म्हणून लगेच सुई उचलू नका.

रेकॉर्डिंग पुण्याला झालं. निरोप पोचवायला मला नेलंच होतं. रेकॉर्डिंगवाल्यांनी बजावलं होतं, गाणं संपलं तरी त्यांचा हात खाली येईपर्यंत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. शेवटचं गाणं संपलं. गिटारची झणझण विरत गेली. रेकॉर्डिंगवाल्यांचा हात अजून वरच होता, आणि भाऊजींना राहवलं नाही. माइकसमोरच म्हणाले, "वहिनी, हिला सांगा, ही सगळी गाणी हिची आहेत. गणपतीतलंसुद्धा. मी सगळ्यांसमोर खोटं बोललो."

मी आपली सवयीनं लगेच, "कुमुद, भाऊजी म्हणतात..."

पुढं तबकडीत कुमुदचा आवाज आहे, अगदी स्वच्छ.

"ताई, तुम्ही मधे बोलू नका. आवं, आता माझ्याकडं बघून म्हणा."