बोटीवर न्यायचं कोकम

आमच्या घरात दारू हा शब्द फक्त दुसऱ्यांसाठी होता. वीटभट्टीवरची माणसं दारू प्यायची, हायवेवरचे ट्रकवाले प्यायचे, वरच्या मजल्यावरचा बँकवाला प्यायचा. बाबा फक्त 'फिरायला' जायचे. ऑफिसातून आले की चहा घेऊन, चपला अडकवून ते नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमधून सुकापूरच्या बाजूला चालू पडायचे आणि तासाभराने वेलची चघळत परत यायचे. आई विचारायची, "झालं फिरून?" ते म्हणायचे, "झालं." पुढे त्यांचं फिरणं बेडरूमच्या कपाटापर्यंतच होऊ लागलं, तरी शब्द तोच राहिला. "बाबा आत फिरतायत का गं?" असं मी एकदा आईला विचारलं, तेव्हा कणकेच्या हाताने तिने माझ्या कानाखाली वाजवली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मारल्याचं तिला नंतर फार वाईट वाटलं. पण मी काय बोलले त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

आमच्याकडे धुणंभांडी करायला भट्टीच्या बाजूच्या वाडीवरून एक बाई यायच्या. फरशी पुसता पुसता त्या सांगायच्या, "काल परत पिऊन आला व्हता. गटारात पडला. मीच उचलून आणला, काय करनार? माजा हाय ना तो." आई 'अरेरे' म्हणायची आणि त्यांच्यासाठी चहा टाकायची. मला त्या बाईंचा हेवा वाटायचा. त्यांचा नवरा सुधारणार नव्हता हे उघड होतं, पण निदान त्यांना ते कुणाला तरी सांगता येत होतं.

बाबा दर वर्षी श्रावण पाळायचे. महिनाभर मांसमच्छी बंद आणि फिरणंही बंद. आई तेवढा महिना गाणी गुणगुणायची. पण एका वर्षी श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी बाबा बाथरूममध्ये धाडकन पडले. दार ढकललं तर अंग ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि घरी सोडताना बाबांना स्पष्ट सांगितलं, "एकदम बंद करायचं नाही. हळूहळू कमी करायचं, तेही मला विचारून. तुमच्या शरीराला आता सवय झालीय. परत असं एकदम सोडलंत, तर पुढच्या झटक्यातून उठाल याची खात्री मी देणार नाही." फाईल हातात धरून मी तिथेच उभी होते. घरी येऊन आईला शब्दन् शब्द सांगितला. ती म्हणाली, "उपासाने चक्कर आली होती त्यांना." सगळ्या बिल्डिंगला तेच सांगितलं गेलं. पुढच्या वर्षीपासून बाबांनी पित्ताचं कारण देऊन श्रावण सोडला.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना बाबांच्या एलटीसीची मुदत संपत आली होती. रजा घेऊन सहकुटुंब प्रवास केला नाही तर सवलत वाया जाणार. कोकणातून नवी रेल्वे सुरू झालेली, पनवेलला बसलं की थेट केरळात उतरता यायचं. बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांनी बेत काढला: कोचीनपर्यंत रेल्वे आणि तिथून बोटीने लक्षद्वीपची पाच दिवसांची सफर. जेवणखाण, झोपणं सगळं बोटीवर. बाबा कां कू करत होते. काका म्हणाले, "तिकडे दारूबंदी आहे, बोटीवर थेंब नेऊ देत नाहीत. पण आपल्याला काय फरक पडतो!" आणि मोठ्याने हसले. बाबाही हसले. आता नाही म्हणायचं तर कारण काय देणार?

आईला मात्र जायचंच होतं. या काका-काकूंचा भाचा इंजिनीअर होता आणि माझ्यासाठी त्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं. पाच दिवस एकत्र राहिलं की मुलगी नीट बघता येईल, असं काकू म्हणाल्या होत्या. आईने माझ्यासाठी तीन नवे ड्रेस शिवून घेतले. आणि कोकम सरबताच्या चार रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने धुऊन गॅलरीत उन्हात पालथ्या घातल्या.

त्या कशासाठी आहेत, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. रविवारी दुपारी बेडरूमचं दार लावून बाबांनी चारही बाटल्या भरल्या. रमचा रंग कोकमाच्या बराच जवळ जातो. आईने त्या जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत माझ्या कपड्यांच्या खाली ठेवल्या.

कोचीनला आम्ही एक रात्र लॉजवर काढली. तिथपर्यंत बाबांचा वेगळा साठा पुरला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास धक्क्यावर गेलो, तर सामानाची तपासणी चाललेली. पुढे काका-काकू, मागे आम्ही. आमची बॅग उघडली, माझे नवे ड्रेस बाजूला झाले, टॉवेल सुटला. गार्डने एका बाटलीचं बूच काढून वास घेतला आणि दुसऱ्या गार्डकडे दिली. त्यानेही वास घेतला. दोघं हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. वयस्कर गार्ड हळू आवाजात म्हणाला, "किसका है? दवा के लिए लगता है तो बोलो. ऊपर डॉक्टर है, उसको बता देंगे. बाकी यहाँ जमा रहेगा, वापसी में ले जाना."

इतका भला माणूस मी त्यानंतर फार थोड्या वेळा पाहिला. त्याने दारच उघडून दिलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं.

काकू मागे वळून बघत होत्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "हमारा नहीं है."

"आपके बॅग में है."

"हमारा नहीं है. लॉज में किसीने डाला होगा."

गार्डने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या कपाळावर घाम होता. ते म्हणाले, "नहीं, हमारा नहीं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही नकारार्थी मान हलवली. आम्ही तिघांनी मिळून त्या बाटल्या अशा नाकारल्या आणि बॅगेची चेन ओढून शिडी चढलो. काका वरून म्हणाले, "काय लोक असतात, दुसऱ्याच्या बॅगेत टाकतात!" आई म्हणाली, "बघा ना."

संध्याकाळी डेकवर सगळ्यांना चहा दिला. बाबांनी कप उचलला तो बशीवर वाजायला लागला. त्यांनी तो परत ठेवला आणि म्हणाले, "नको, मळमळतंय." काकांनी बोट लागण्यावरचे आपले सगळे उपाय सांगितले. काकूंनी पर्समधून आवळासुपारी काढून दिली. काकू स्वभावाने चांगल्या होत्या. त्या दुष्ट असत्या तर मला हे सगळं लिहायला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पहिल्या बेटाजवळ नांगरली. लोक छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर गेले, काका-काकूही गेले. आम्ही केबिनमध्येच राहिलो. बाबांना उलट्या होत होत्या, सदरा घामाने भिजला होता. मी बोटीवरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. तरुण मल्याळी माणूस होता, हिंदी तोडकंमोडकं बोलायचा. त्याने नाडी पाहिली, बाबांना हात पुढे धरायला सांगितलं. बोटं थरथरत होती. त्याने गोल खिडकीतून बाहेर पाहिलं. समुद्र इस्त्री केल्यासारखा सपाट होता. मग त्याने आईला विचारलं, "ये ड्रिंक करते हैं?"

आई ताडकन म्हणाली, "नहीं नहीं. इनको सुपारी का भी व्यसन नहीं है."

स्थळ सांगताना मुलाबद्दल जे म्हणतात, तेच वाक्य तिने हिंदीत करून टाकलं होतं. एरवी मला हसू आलं असतं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघितलं. त्याने बोट लागण्याच्या गोळ्या दिल्या आणि काही वाटलं तर लगेच या, असं सांगून तो गेला.

"आई, सांगूया ना," मी म्हटलं. "आपल्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, आठवतंय ना?"

"उद्यापर्यंत उतरेल."

"उतरत नाहीये, चढतंय. श्रावणात तिसऱ्या दिवशी पडले होते."

"तुला कळतं का काही?" आईचा आवाज चिरकला. "जा, सांग. मग घरी बसून राहा जन्मभर. दारुड्याची मुलगी कोण करून घेतो?"

तिच्या तोंडून बाबांसाठी तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाबा पलंगावर तिच्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी ऐकलं असेल असं मला तेव्हा वाटलं नाही, कारण ते चादरीवरून एकेक मुंगी उचलून बाजूला टाकत होते. चादर पांढरीशुभ्र होती. तिच्यावर काहीही नव्हतं.

आई ते बघत राहिली. मग त्यांच्या शेजारी बसून तीही चादर झटकायला लागली. "गेल्या हो मुंग्या," ती म्हणत होती. "बघा, गेल्या सगळ्या." मला तिचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकी कीव आली, की मी त्या एवढ्याशा केबिनमध्ये नुसती उभी राहिले. मला सगळं माहीत होतं आणि माझ्याच्याने काही होत नव्हतं. ती दुपार तशीच गेली.

चारच्या सुमाराला बाबांचं अंग ताठ झालं. डोळे वर गेले. आईने किंचाळून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मी धावले. दवाखान्याच्या खोलीत काकू बसल्या होत्या. किनाऱ्यावर त्यांच्या पायाला प्रवाळाने कापलं होतं, डॉक्टर पट्टी बांधत होता. मला बघून त्या कौतुकाने म्हणाल्या, "अगं, तू यायला हवं होतंस, पाणी काय सुंदर आहे!"

मी डॉक्टरला म्हटलं, "मेरे पापा रोज शराब पीते हैं. बहुत साल से. कल सुबह से बंद है. उनको फिट आया है."

हिंदीत असल्यामुळे तोंडातून निघालं. मराठीत निघालं असतं की नाही, मी आजही सांगू शकत नाही. डॉक्टर पट्टी अर्धवट सोडून बॅग घेऊन पळाला. काकू पाय तसाच पुढे धरून बसून राहिल्या.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने आणखी एक दिलं. झटका थांबला. मग त्याने आईला विचारलं, "सुबह क्यों नहीं बोला? मैंने पूछा था न?" आई पदर तोंडात धरून बसली होती. बाबांना स्ट्रेचरवरून होडीत उतरवलं आणि बेटावरच्या इस्पितळात ठेवलं. सफरीचे उरलेले दिवस आम्ही नारळाच्या झाडांमधल्या त्या बैठ्या इमारतीत काढले. काका-काकू एकदा भेटून गेले. त्यांनी बाबांच्या तब्येतीची नीट चौकशी केली, जेवणाची सोय विचारली. भाच्याचा विषय निघाला नाही, तो पुन्हा कधीच निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी बाबा पूर्ण शुद्धीवर आले. चेहरा स्वच्छ होता, डोळे निवळलेले. आवाज खोल, पण अगदी त्यांचा. इतके बरे दिसणारे बाबा मी लहानपणानंतर पाहिले नव्हते. त्यांनी छताकडे बघत विचारलं, "डॉक्टरला कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "मी."

"माझ्या ऑफिसातल्याच्या बायकोसमोर?"

"हो."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आईने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. मी गप्प राहिले. तेव्हा वाटलं, घरी गेल्यावर सांगू.

पनवेलला परतल्यावर पंधराएक दिवसांत बाबा पुन्हा फिरायला जाऊ लागले. आईशी मात्र ते बोलेनासे झाले. "आईला सांग, चहा टाक." "आईला विचार, किल्ल्या कुठे आहेत." ती समोर उभी असायची आणि मी मध्ये. रोज वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, सांगितलं तर ते माझ्याशीही बोलणार नाहीत, आणि मग या घरात कुणीच कुणाशी बोलणार नाही. स्वतःला समजावायला हे कारण बरं होतं. आईने मला एकदाही त्याची आठवण करून दिली नाही. पुढे माझं लग्न दुसरीकडे झालं. मी सासरी गेल्यावर ते दोघं एकमेकांना निरोप कसे देत होते, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

शेवटी पनवेलच्याच एका इस्पितळात बाबांचं पोट फुगलेलं, हातपाय काड्या झालेले. आई उशाशी, मी पायाशी. दुपारची वेळ होती. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि इतक्या वर्षांनी थेट आईकडे बघून म्हणाले, "तू सांगायला नको होतंस गं."

मी तिथेच होते. एक वाक्य पुरलं असतं. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"चुकलंच माझं," ती म्हणाली.

मी तांब्या उचलून पाणी आणायला गेले.