थर्मामीटरची निवड आणि सुंठीचा लेप

१४ जून, रविवार. आजचं काम: घरात ताप मोजणारे तिघे आहेत, त्यातला खरं कोण बोलतो ते ठरवणे. कोणीच बोलत नसेल तर मैलापूरच्या बाजारातून नवा आणणे.

ताप माझ्या नातीचा, वय वर्षं तीन. ती सकाळपासून पंख्याखाली लोळत होती आणि इडलीला नाही म्हणत होती. त्यावरूनच मी काय ते ओळखलं होतं. पण माझ्या मुलीला आकडा हवा होता, आणि तोही नॉर्मल. दोन वर्षं घरी बसून तिने इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरी मिळवली होती. अजून कायम व्हायची होती. सोमवारी मोठं गिऱ्हाईक ऑडिटला येणार, आणि उत्तरं हिने द्यायची. जावई कोइम्बतूरला. पोरीला ताप असेल तर बालवाडी गेटवरूनच परत पाठवते.

तिघांपैकी पहिला काचेचा, पाऱ्याचा. तो सासूबाईंच्या देवघरात कापसात गुंडाळून असतो. तो झटकायला त्या कोणाला देत नाहीत, फुटेल म्हणून. त्यामुळे त्यात गेल्या दिवाळीतला माझा ताप अजून तसाच उभा आहे. तोंडात काहीही कराकरा चावणाऱ्या पोरीला काच द्यायची नव्हतीच. तो बाद.

दुसरं जावयाने पाठवलेलं कपाळावर रोखायचं पिस्तूल. तेच अठ्ठ्याण्णव दाखवत होतं, म्हणून मुलीचा त्याच्यावर फार जीव.

तिसरा सासूबाईंचा हात. आमचं सासर तंजावरकडचं मराठी, मी सोलापूरची. इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या मराठीला मी मनातल्या मनात हसते आणि त्या माझ्या मराठीला तोंडावर. त्यांनी पोरीच्या पोटाला उलटा हात लावला आणि म्हणाल्या, "जुरम हाहे. मशीन कशाला होणें?" जुरम म्हणजे ताप, आणि होणें म्हणजे हवं.

"पाटी, तुझा हात म्हणजे काय लॅब आहे?" मुलगी म्हणाली. पाटी म्हणजे आजी; आता पणजी झाल्या तरी घरात त्या पाटीच.

"लॅब नक्को. मी सात पोरं वाढवलीं."

मी गिंडीच्या एका वर्कशॉपमध्ये मोजमापाची उपकरणं तपासते. दोन उपकरणं भांडली की तिसरं आणून सोडवायचं, एवढंच माझं शास्त्र. मी पिशवी उचलली.

मैलापुरात औषधांच्या दुकानदाराने आधी कानात घालायचा काढला, मग सशाच्या कानांचा, मग बाळांनी चोखायच्या बुचाचा. "मुलं रडत नाहीत, अम्मा."

"रडू दे. चुकत नाही असा कुठला?"

त्याने नाराजीने साधा, लवचिक टोकाचा, बगलेत धरायचा डिजिटल दिला. त्याच्यावर ससा नव्हता. सील होतं, बॅटरी बदलता येत होती, काउंटरवर चालू करून पाहिला तर आकडे ठसठशीत. चष्मा न लावता वाचता येईल असं उपकरण या घरात दुसरं नाही. घेतला.

घरी येऊन सगळ्यांना ओळीत बसवलं. आधी धडधाकट माणसं. मी, मुलगी, सासूबाई: प्रत्येकीला बगलेत डिजिटल, कपाळावर पिस्तूल. सासूबाई हात वर करून म्हणाल्या, "मला कशाला अटक करता?" दोन्ही यंत्रांचं तिघींवर जमलं. म्हणजे पिस्तूल खोटारडं नव्हतं. मुलीचा चेहरा उजळला.

मग नात. बगल पुसली, हात दाबून धरला, पीं वाजेपर्यंत कावळ्याची गोष्ट सांगितली. एकशे एक. पिस्तूल: अठ्ठ्याण्णव.

मी उपकरणांकडे बघायचं सोडून पोरीकडे बघितलं. कपाळभर सुंठीचा ओला लेप. सासूबाई त्याला पत्तू म्हणतात. सर्दी दिसली की लावतात आणि वाळला की पुन्हा लावतात. पिस्तूल बिचारं सकाळपासून सुंठीचा ताप मोजत होतं! लेप धुतला, कपाळ कोरडं केलं, जरा थांबून पुन्हा रोखलं. शंभराच्या वर गेलं.

मुलीने पिस्तूल हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बालवाडीच्या गेटवर पण हेच पिस्तूल आहे."

सासूबाईंच्या डोळ्यांत एकदम सोळा वर्षं आली. "मग काय! जाड पत्तू लावून देतें. गेट उघडेल."

"देवाचं गंध म्हणून सांगू," मुलगी म्हणाली.

"विभूती म्हण. सोमवार हाहे न."

दोघी खुदखुदायला लागल्या, आणि खरं सांगते, मीही. बेत सुरेख होता, माझ्या वर्कशॉपमध्ये कोणी इतक्या सफाईने फसवणूक केली असती तर मी त्याला बढती दिली असती. पण नात माझ्या मांडीवर कढईसारखी तापली होती.

"गेट फसेल," मी म्हटलं. "ताप फसणार नाही. आणि तिथली बाकीची पोरं घरी काय घेऊन जातील?"

मुलीचं हसू गेलं. "मग मी काय करू, अम्मा? उद्या नाही गेले तर माझ्या जागी दुसरी उभी राहील. एकट्या पाटीला ही आवरणार आहे का?"

"मला विचारलंस का?"

"तू? तू तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेली होतीस. तू रजा घेणार?"

सासूबाई म्हणाल्या, "हिलाच मोजून बघ आधी."

डॉक्टरांना फोन करून बगलेतला आकडा सांगितला, त्यांनी सांगितलेलं औषध दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला डबा देऊन कंपनीच्या बसमध्ये बसवलं. तिने मागे वळून पाहिलं तर मी हातानेच "जा" म्हटलं. वर येऊन नातीची बगल पुसली, थर्मामीटर लावला. शंभर. मग वर्कशॉपच्या मालकाला फोन केला, "घरात ताप आहे, आज येत नाही." कोणाला, ते सांगितलं नाही. तो घाबरून म्हणाला, "विश्रांती घ्या, मॅडम, उद्याही येऊ नका."

मी क्षीण आवाजात बरं म्हटलं.