व्याह्यांची गाडी

सोमाजीचं वारूळवाडीतलं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक लिंबाचं झाड. त्या झाडाखाली त्यानं वीस वर्षं जीपा आणि ट्रॅक्टर खोलले नि जोडले. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा मिस्त्री असा त्याचा लौकिक. पण सत्त्याण्णव साली व्याह्यांच्या गाडीनं त्याला घाम फोडला.

व्याही म्हणजे महाळुंगे पडवळचे नानासाहेब. सोमाजीची अमृता त्यांच्या घरी देऊन वर्षही झालं नव्हतं. नानासाहेबांनी दिवाळीत एक जुनी गाडी घेतली, आणि महिन्याभरात ती मध्येच दम टाकायला लागली. ॲक्सिलेटर कितीही दाबा, पळायची नाही. थांबून चहा घेतला की पुन्हा वाऱ्यासारखी. सोमाजीनं तीनदा काम केलं. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, फिल्टर नवा घातला. गॅरेजपुढच्या चकरेत गाडी शहाण्या सुनेसारखी वागायची. दुसऱ्या दिवशी नानासाहेबांचा फोन ठरलेला.

गाडीचं एक वेळ सोडा. संक्रांतीला माहेरी आलेली अमृता भाकरी थापता थापता आईला म्हणाली, "आजेसासूबाई येईल त्याला सांगतात, हिच्या बापाला गाडीतलं काय कळतंय." ओट्यावर जेवत बसलेल्या सोमाजीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

पुढच्या रविवारी तो सकाळीच महाळुंग्याला हजर झाला.

"नाना, आज बॉनेटला हात लावत न्हाई. गाडी रुसंस्तोवर हिंडायचं. सगळे बसा."

"आन रुसलीच न्हाई तर?"

"तर जुन्नरचा बाजार हुईल."

बाजार म्हटल्यावर नानासाहेबांच्या आई चिमाबाई पदर सावरून पहिल्या बसल्या. शेजारी अमृता. नारायणगाव मागे पडलं, गाडी छान पळत होती. सोमाजीचाच जीव खाली-वर होत होता. आज बिघडली नाही, तर पोरीनं त्या घरात मान वर कशी करायची? इतक्यात गाडीनं हिसका दिला, दुसरा दिला आणि रांगायला लागली. मागून एसटी भोंगा वाजवत आली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बैलं जुपा, राव!"

सोमाजीला मात्र आनंद झाला. बाजूला घेऊन त्यानं गाडी लगेच बंद केली, टाकीकडून पंपाला येणारी नळी काढली. पेट्रोल थेंब थेंब येत होतं. त्यानं नळीला तोंड लावून जोरात फुंकर मारली. टाकीत गुडगुड झाली आणि पेट्रोलची धार लागली.

"नाना, टाकीत कायतरी हाय. गाडी पळाली की ते नळीच्या तोंडाला जाऊन चिकटतं, थांबली की सुटतं."

डिकीतून टाकीवरचं झाकण खोलून त्यानं तारेचा आकडा आत सोडला. बराच वेळ चाचपडल्यावर एक चिंधी वर आली. विटक्या लाल फडक्याची पुरचुंडी, आत भंडाऱ्याचा पिवळा लगदा.

"हे कुणी टाकलं?" नानासाहेब कडाडले.

"मी," चिमाबाई जागेवरूनच म्हणाल्या. "वरडतो कशाला? खंडोबाचा भंडारा हाय. राखण आतनं असावी लागती. गाडी घेतल्यापून एकदा तरी पलटी झाली का?"

"आजी, पळंल तवा पलटी हुईल ना!" सोमाजी म्हणाला, आणि अमृतानं तोंडाला पदर लावला. चिमाबाईंनी तिच्याकडे रागानं बघितलं, पण मग त्यांनाच हसू आवरेना.

सोमाजीनं पुरचुंडी फेकली नाही. फडक्यानं पुसली, आतल्या आरशाला बांधली. "देवाला म्होरचा रस्ता दिसला पायजे. टाकीत आंधारात त्यो काय राखण करनार?" चिमाबाईंना हे एकदम पटलं.

संध्याकाळी महाळुंग्यात शेजारची साळुबाई विचारत आली, "सापडलं का गं गाडीचं दुखणं?"

"सापडायला काय हुतंय?" चिमाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "आमच्या अमृताच्या बापानं एका झटक्यात काढलं. तुमच्या जावयाची गाडी पन आना की दाखवायला."

एका झटक्यात नव्हे, चौथ्या खेपेला, असं सांगायला सोमाजीनं तोंड उघडलं. तेवढ्यात दारात उभ्या अमृतानं डोळे मोठे केले. सोमाजीनं मुकाट्यानं चहाची बशी तोंडाला लावली.