गळ्यातला पितळी बिल्ला

त्या प्रकरणाचे कागद केव्हाच रद्दीत गेले असतील. माझ्या मनातून मात्र ते प्रकरण अजून गेलेले नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एका बाईला कुत्रा चावला होता, एवढेच.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. मी परळ-लालबाग भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. आज मोर्चा, उद्या हरताळ, परवा मैदानात सभा. ठाण्यातली निम्मी माणसे बंदोबस्तावर असत आणि उरलेली निम्मी बंदोबस्तावरून परतून बाकावर पेंगत असत. लॉकअप सत्याग्रहींनी भरलेला असे आणि त्यांच्या घोषणांमुळे जबाब लिहून घेणाऱ्या मुन्शीला नीट ऐकू येत नसे. अशा धामधुमीत किरकोळ तक्रारी अदखलपात्र गुन्ह्यांच्या वहीत चढत आणि तिथेच पडून राहत.

तक्रार घेऊन आलेल्या बाई एका गिरणीच्या वाइंडिंग खात्यात बदली कामगार होत्या. वय तिशीच्या आसपास. नवऱ्यासह आणि सासूसह जवळच्या चाळीत राहत. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेले कुटुंब. पहिली पाळी सुटल्यावर त्या घरी परतत असताना एका बैठ्या बंगलीच्या उघड्या फाटकातून गळ्यात पितळी बिल्ला असलेला कुत्रा बाहेर आला आणि त्यांच्या पोटरीला चावला. चार दातांच्या खुणा होत्या, रक्त फारसे आले नव्हते. दवाखान्यात जखम धुऊन, औषध लावून त्या सरळ ठाण्यात आल्या होत्या.

पालिकेचा नियम साधा होता. पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याचा परवाना काढायचा आणि परवान्याबरोबर मिळणारा नंबराचा पितळी बिल्ला त्याच्या गळ्यात अडकवायचा. बिल्ला नसलेला कुत्रा पालिकेची गाडी उचलून नेई. बिल्ल्याचा कुत्रा कोणाला चावला, तर मालकाने त्याला दहा दिवस बांधून ठेवायचे. दहा दिवसांनंतर कुत्रा धडधाकट असला तर चावलेल्या माणसाला भीती नाही. मधेच मेला तर मात्र त्याच दिवसापासून इंजेक्शने सुरू करायची. ती चौदा असत, बेंबीभोवती, रोज एक, आणि त्यासाठी रोज रुग्णालयात रांग लावावी लागे. बदली कामगार बाई चौदा दिवस गेटवर दिसली नाही, तर तिच्या जागी दुसरी उभी राही. तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, जखम लहान आहे, कुत्रा परवान्याचा आहे, त्याच्यावर लक्ष ठेवा आणि पोलिसांचा रिपोर्ट आणून दाखवा. त्यांचे काही चुकले नव्हते.

मला त्या बंगलीवर जायला सवड मिळाली ती आठव्या दिवशी. ओळख पटवायला बाईंना बरोबर घेतले.

मालक एका कचेरीत हेडक्लार्क होते. भारदस्त, मृदू बोलणारे. मला त्यांनी व्हरांड्यात खुर्ची दिली, चहा मागवला. बाई फाटकातून आत येऊ लागल्या तेव्हा म्हणाले, "त्यांना तिथेच उभं राहू दे. जनावर बिथरतं." मी हो म्हटले. बाई फाटकाबाहेर उभ्या राहिल्या, मी चहा प्यायलो.

कुत्रा व्हरांड्याच्या खांबाला बांधलेला होता. तांबूस रंगाचा, मोठा, तरतरीत. मालकांनी परवाना दाखवला. मी वाकून गळ्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर ताडून पाहिला. जुळत होता.

मी फाटकाकडे वळून विचारले, "बाई, बघ, हाच ना?"

त्यांनी बराच वेळ पाहिले. "हा न्हाई वाटत, साहेब. त्याचा कान फाटका होता."

मालक हसले. "घाबरलेल्या माणसाला काय काय दिसतं. नंबर तर तुम्ही पाहिलातच."

ते मला पटले. ठाण्यात येऊन मी रिपोर्ट लिहिला: परवानाधारक कुत्रा बांधलेल्या स्थितीत समक्ष पाहिला, बिल्ला क्रमांक बरोबर, प्रकृती उत्तम, तक्रारदार बाई हजर होत्या. खाली सही केली. बाई काय म्हणाल्या ते त्यात नव्हते. दोन दिवसांनी दवाखान्यात तो रिपोर्ट पाहून त्यांना सांगण्यात आले की, आता काळजीचे कारण नाही.

बाराव्या दिवशी ठाण्याच्या टपालात एक पोस्टकार्ड आले. नाव नाही, सही नाही, अक्षर वळणदार. मजकूर दोन ओळींचा: "कुत्र्याचा बिल्ला पाहिलात. परवान्याचा मूळ अर्जही पाहावा. फार वेळ नाही."

निनावी पत्रे ठाण्यात रोज येत आणि बहुतेकांत शेजाऱ्याचा सूड असे. पण "फार वेळ नाही" असे सूड घेणारा माणूस लिहीत नाही. मी सायकल काढली आणि पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनाने अर्जांचा गठ्ठा सोडून तो अर्ज माझ्यापुढे ठेवला. तो खुद्द हेडक्लार्कांच्या हातचा होता. रंग तांबूस. वय सहा वर्षे. आणि ओळख पटण्याच्या खुणेच्या रकान्यात: उजव्या कानाचे टोक फाटलेले.

मी तो अर्ज पुन्हा एकदा वाचला. बाईंचे वाक्य माझ्या कानांत होते, कागदावर मात्र कुठेच नव्हते.

हवालदाराला घेऊन मी तडक बंगलीवर गेलो. मालक नुकतेच कचेरीतून आले होते. त्यांनी पुन्हा खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"कुत्र्याचं वय किती?" मी विचारले.

"असेल पाच-सहा वर्षांचा."

हवालदार खेडेगावचा, गुराढोरांत वाढलेला. त्याने कुत्र्याचा जबडा उघडून पाहिला आणि म्हणाला, "दात दुधासारखे पांढरे आहेत साहेब. दोन वर्षांपलीकडे नाही."

"तुमच्या अर्जात उजवा कान फाटका लिहिलाय," मी म्हणालो.

"तो बरा झाला."

"फाटलेल्या कानाचं टोक परत उगवतं?"

त्यांनी आवाज चढवला नाही की कोणा वरिष्ठाचे नाव घेतले नाही. खोटे बोलणारी माणसे मी पुढे पुष्कळ पाहिली. सराईत माणूस प्रश्नागणिक नवे उत्तर देतो. आयुष्यात पहिल्यांदाच मोठे खोटे बोललेला माणूस एका उत्तराला धरून बसतो, आणि ते सुटले की त्याच्याकडे दुसरे काही नसते.

"पहिला कुत्रा कुठे आहे?"

"हाच तो," ते जमिनीकडे पाहत म्हणाले.

तेवढ्यात फाटकाशी एक घोड्याची व्हिक्टोरिया थांबली आणि त्यांच्या पत्नी उतरल्या. पदराखाली एक हात पोटावर दाबून धरलेला, पावले जपून टाकलेली. असे चालणारी माणसे मी पाहिली होती. आमच्याच ठाण्यातल्या एका शिपायाला पिसाळलेला कुत्रा चावला होता, तेव्हा तोही चौदा दिवस असाच चालत होता.

मी विचारले, "वहिनी, कितवं इंजेक्शन?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिले नाही. "सातवं आज झालं. सात राहिलीत." आणि लगेच म्हणाल्या, "त्या बाईंचं सुरू झालं का?"

मी म्हणालो, "नाही."

त्या व्हरांड्याच्या पायरीवरच बसल्या. "पत्र मीच टाकलं होतं," त्या म्हणाल्या.

मग सगळे बाहेर आले. दंगलीच्या भीतीने मालक कुत्र्याला दिवसाही आवारात मोकळा सोडू लागले होते. रेबीजची लस त्याला दोन वर्षे टोचून घेतलेली नव्हती. बाईंना चावल्यानंतर चौथ्या दिवशी त्याने पाणी सोडले, जबडा लोंबू लागला. पत्नीने वाटी पुढे केली तेव्हा तिच्या हाताला चावला. पाचव्या दिवशी तो मेला. मालकांनी त्याला मागच्या अंगणात पुरले आणि माहीमला राहणाऱ्या मेहुण्याचा तशाच रंगाचा कुत्रा आणून त्याच्या गळ्यात बिल्ला अडकवला. पत्नीला मात्र कुत्रा मेल्याच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात नेले. तिथल्या केसपेपरवर त्यांनी खरे ते सांगितले होते: घरचा कुत्रा, चावल्यानंतर दुसऱ्या दिवशी मेला.

"डॉक्टरांना खरं सांगितलंत, मला का नाही?" मी विचारले.

"खटला झाला असता. नोकरीला सहा महिने उरलेत," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला वाटलं, तिला दवाखान्यात आपोआपच देतील. तशा लोकांना सगळं फुकटच मिळतं."

जागेचा पंचनामा मी हवालदारावर सोपवला आणि चाळीत गेलो. बाई नुकत्याच पाळीवरून आल्या होत्या, हातपाय धूत होत्या. मी उंबऱ्यातूनच सांगितले की तो कुत्रा मेला आहे, मी पाहिला तो दुसरा होता, आणि रिपोर्ट माझ्या सहीचा होता. मला वाटले, त्या रडतील किंवा मला चार शब्द सुनावतील. बाईंनी लुगड्याला हात पुसले.

"साहेब, त्या गल्लीनं आमच्या पाळीच्या लई बाया जातात," त्या म्हणाल्या. "आणखी कुणाला चावला का, ते इचारलं का तुम्ही?"

मी विचारले नव्हते. डॉक्टरांनीही नाही.

त्या मला आधी दोन घरे पलीकडे घेऊन गेल्या. तिथल्या एका पोक्त बाईच्या घोट्यावर त्याच कुत्र्याचा ओरखडा होता. दात लागला की नख, ते तिलाही सांगता येईना, म्हणून ती कुठे गेलीच नव्हती. दोघींना मी टॅक्सीत घालून रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी जखमा पाहून सांगितले, "पायाचा चावा आहे. विष मेंदूपर्यंत जायला वेळ लागतो. पण आता एक दिवसही चुकवू नका."

एकही दिवस चुकला नाही. गिरणीच्या मास्तरांना मी स्वतः भेटून दोघींच्या जागा राखून ठेवायला लावल्या. पण त्या रोगाला औषध नाही. झाला तर झाला. चौदा इंजेक्शनांनंतरही काही महिने वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. त्या महिन्यांत मी काही ना काही कारण काढून त्या चाळीवरून जात असे. बाई नळावर किंवा जिन्यात दिसल्या की पुढे जाई. दोघी वाचल्या. मालकांच्या पत्नीही वाचल्या.

खटला उभा राहिला. धोकादायक जनावराबाबत निष्काळजीपणा, जीवघेणा रोग पसरेल असे कृत्य आणि पोलिसांना खोटी माहिती देणे. साक्षीच्या वेळी बचावाच्या वकिलांनी माझाच रिपोर्ट माझ्यापुढे धरला.

"तक्रारदार बाईंनी कुत्रा ओळखला नव्हता, असं आपण आज म्हणता. इथे ते लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलं," मी म्हणालो.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान वर केली. "राहिलं, की लिहिलं नाही?"

बाई मागच्या बाकावर बसलेल्या होत्या. मी म्हणालो, "लिहिलं नाही."

साहेबांनी ते शब्द तसेच नोंदवून घेतले. मालकांना दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. माझ्या सेवापुस्तकात ताशेरा आला. तो योग्यच होता.

नंतरच्या नोकरीत मी याहून मोठे गुन्हे उघडकीला आणले, त्यांची बक्षिसेही मिळाली. पण नव्या फौजदारांना शिकवताना मी हेच प्रकरण सांगत असे. परवाना, बिल्ला, शिक्का यांवरून एखादी वस्तू कोणाच्या नावावर आहे ते कळते. पुढ्यात काय आहे ते डोळ्यांनी पाहावे लागते. आणि ज्याने ते आधी पाहिले आहे, तो फाटकाच्या आत उभा असो की बाहेर, त्याचे म्हणणे जसेच्या तसे लिहावे लागते. मला त्या दिवशी खुर्ची मिळाली होती. खुर्चीवरून मला फक्त बिल्ला दिसला.

वर्षभराने त्याच बाई चाळीतल्या नळाच्या भांडणाची तक्रार घेऊन ठाण्यात आल्या. मुन्शी रजेवर होता, म्हणून जबाब मी लिहिला. त्यांना बाकावर बसवले आणि लिहिलेले वाचून दाखवले.

"तिनं मला ढकललं असं नका लिहू," त्या म्हणाल्या. "हात धरला. ढकललं न्हाई."

"बरं बाई, तुम्ही सांगता तसं," मी म्हणालो, आणि तो शब्द खोडून वर त्यांचा शब्द लिहिला.