राजाला कुणी विचारलं नाही

मी नागपूरची. संशय घ्यायला मला कुणी शिकवावं लागलं नाही, आमच्या घरी दूधवाल्यासमोर दूध उकळून बघायचे. तरी शरयूमावशी भेटल्या आणि कळलं, की या विषयात आपण अजून बालवाडीत आहोत.

शरयू खांबेटे. पुण्यात तीस वर्षं त्यांनी कॉलेजात जर्मन शिकवलं. नवरा गेल्यावर, चौऱ्याऐंशी साली, मुलगा प्रसन्न त्यांना अमेरिकेत, ॲन आर्बरला घेऊन आला. तो युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, सून सीमा बँकेत, दिवसभर घरात कुणी नाही. मी शेजारच्या अपार्टमेंटमध्ये लोकांची लेकरं सांभाळायची, म्हणून मावशी सकाळचा चहा झाला की माझ्याकडे यायच्या. पाचवारी साडी, वर प्रसन्नचा जुना जाडा कोट आणि काखेत एक जर्मन पुस्तक. त्या पुस्तकात त्यांचा राजा होता.

राजा म्हणजे बव्हेरियाचा लुडविग दुसरा. मला काय करायचंय त्याच्याशी? पण मावशी सांगायला लागल्या की गॅसवरचं दूध उतू जायचं.

"अठराव्या वर्षी गादीवर बसला बिचारा," त्या म्हणायच्या. "लढाया नकोत, दरबार नको. डोंगरावर महाल बांधायचे आणि संगीत ऐकायचं. मंत्री वैतागले. मग काय केलं, माहितेय? चार डॉक्टर गाठले. त्यांनी लिहून दिलं, राजा वेडा आहे म्हणून. तपासलं का त्याला? नाही! नोकरांना विचारलं. राजा काय खातो, कुणाशी बोलतो, रात्रीचा कुठे जातो."

"नोकर काय म्हणाले?"

"म्हणाले, एकटाच जेवतो आणि समोर पाहुणे असल्यासारखा बोलतो. अगं, मीसुद्धा ह्यांच्या फोटोशी बोलते! मग मी वेडी का?"

मग राजाला बग्गीत घालून तळ्याकाठच्या महालात नेलं. बग्गीच्या दाराला आतून मूठ नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो डॉक्टरबरोबर फिरायला गेला आणि दोघंही पाण्यात मेलेले सापडले. इथे मावशी पुस्तक मिटायच्या आणि बोट नाचवायच्या. "पट्टीचा पोहणारा माणूस, पाणी उथळ. आता बोल! आणि त्याचेच महाल आज जग तिकीट काढून बघतं. वेडा म्हणे!"

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली, विचारू नका. दर वेळी पहिल्यापासून. मला वाटायचं, मास्तरीणबाई आहेत, रिव्हिजन घेतात.

संशयाचं म्हणाल तर पहिला मला आला तो सीमाचा. ती रोज संध्याकाळी फोन करायची. "नंदाताई, आज आई काय म्हणाल्या? जेवल्या का? गॅसपाशी गेल्या होत्या का?" मला वाटलं, काळजी असेल. मी सगळं सांगायची, तिखटमीठ न लावता. एकदा मावशींच्या कानावर गेलं. त्या काही ओरडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या, "राजाच्या नोकरांनाही असंच विचारलं होतं."

बाप्पा! म्हणजे मी नोकर? मी तडक सीमाला सांगितलं, यापुढे जे विचारायचं ते तुझ्या सासूला विचार.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात आमचं मराठी मंडळ फ्रँकनमथला गेलं. मिशिगनमधलंच गाव, पण सगळं जर्मन थाटाचं. राजाला जाऊन शंभर वर्षं झाली, नेमकं त्याच साली जर्मन गाव बघायला मिळणार म्हणून मावशी खुशीत होत्या. फ्रिलचा झगा घातलेल्या एका पोरीशी त्या अस्खलित जर्मन बोलल्या. पोरगी म्हणाली, "पार्डन मी?" मावशी म्हणाल्या, "झगा जर्मन, बाकी सगळी मिशिगनची." आम्ही पोट धरून हसलो.

परत आल्यावर पार्किंग लॉटमध्ये मात्र मावशींचा आरडाओरडा ऐकू आला. त्या सीमाच्या गाडीत मागे बसल्या होत्या, दार आतून उघडत नव्हतं आणि त्या काचेवर हात आपटत होत्या. मी धावत जाऊन बाहेरून उघडलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बघितलंस? आतून उघडत नाही. मला नेणार आहेत, नंदा. परवा फोनवर सीमा 'होम' म्हणाली. 'वेटिंग लिस्ट' म्हणाली. मी कानांनी ऐकलं."

मी सीमाला बाजूला घेतलं आणि झाडलं. म्हातारीला कोंडतेस? सीमा रडायला लागली. म्हणे गेल्या महिन्यात हायवेवर आईंनी चालत्या गाडीचं दार उघडलं, म्हणून चाइल्ड लॉक लावलंय. मी विश्वास ठेवला नाही. मीही सूनच आहे, सुना काय काय रचू शकतात ते मला कुणी सांगू नये. आणि 'होम'चं विचारलं तर ती खाली बघायला लागली. म्हणजे चोराच्या मनात चांदणं! मावशींना कुठल्यातरी वृद्धाश्रमात टाकायचं घाटतंय, एवढं मला कळलं.

पुढच्याच शनिवारी प्रसन्नने जेवायला बोलावलं. "डेट्रॉइटहून एक मित्र येतोय, गिरीश. डॉक्टर आहे." कसला डॉक्टर, विचारलं तर म्हणतो, "असाच." असाच डॉक्टर कुठे असतो का? पण मी गेले. मावशींना एकटं सोडायचं नाही, असं मी ठरवलंच होतं.

मटार उसळ झकास झाली होती. गिरीशने दोनदा घेतली आणि मग अगदी सहज म्हणाला, "मावशी, आज वार कुठला हो? मला ड्यूटीच्या नादात कळतच नाही."

"शनिवार," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघून हसला. "आणि महिना? या देशात आल्यापासून सगळा घोटाळा होतो, नाही?"

मावशींनी डाव खाली ठेवला. "गिरीश, तू मनाचा डॉक्टर ना?"

प्रसन्न मान खाली घालून कढीत भात कालवत बसला.

"मी तीस वर्षं पेपर काढले," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वर्गात असावा तसा खणखणीत झाला. "मुलांना न सांगता एकदाही परीक्षा घेतली नाही. चोरून कसली घेतोस? सीमा, टेबल साफ कर. घ्यायची तर समोर बसून घे."

टेबल साफ झालं. गिरीश खरंच शरमला होता. त्याने सरळ सांगितलं, "मावशी, मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. लिंबू, सायकल, खिडकी. थोड्या वेळाने विचारीन. तोवर तुमच्या आवडीचं काहीतरी सांगा."

मावशींनी राजा काढला. अहाहा! महालांची नावं, डॉक्टरांची नावं, मधे मधे जर्मन वाक्यं, एकदाही अडखळल्या नाहीत. मी सीमाकडे अशी बघत होते, की घे, ही म्हणे विसरते!

राजा तळ्यात बुडाला. गिरीश म्हणाला, "छान. आता मघाचे तीन शब्द?"

"कुठले शब्द?" मावशींनी विचारलं.

मावशींनी गिरीशकडे बघितलं, प्रसन्नकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझे ओठ हलले, 'लिं...'

"नंदा," त्या म्हणाल्या, "कॉपी नाही चालणार."

त्या टेबलावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "नापास ना रे?"

"हो, मावशी," गिरीश म्हणाला. "वेड नाही हे. आजार आहे. पण वाढत जाईल."

"राजाही असेल मग थोडा वेडा. मी उगाच इतकी वर्षं त्याच्या बाजूने भांडले. पण त्याला विचारायला नको होतं का कुणी?"

प्रसन्न हमसून रडायला लागला. "चुकलं आई. तुला काय हवंय, सांग."

"मला इथंच राहायचंय. गॅसला हात लावणार नाही, एकटी बाहेर पडणार नाही. तुम्हा दोघांना झेपेनासं झालं की ठेवा होममध्ये, माझी ना नाही. पण तोंडावर सांगायचं. विसरले तर पुन्हा सांगायचं." सीमा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मला तिच्याकडे बघवेना.

सोमवारी सकाळी मावशी आल्या, कोट न काढताच कुजबुजल्या, "दार लाव, नंदा. घरात काहीतरी शिजतंय. चोरून डॉक्टर आणणार आहेत."

मी दार लावलं. म्हटलं, "येऊन गेले, मावशी. तुम्हाला विचारलं त्यांनी."

"मला? समोर?"

"समोर. तुम्हीच टेबल साफ करायला लावलंत."

"मग? काय झालं?"

"नापास झालात."

त्या खुदकन हसल्या. "होईना का. विचारलं ना!" मग कोट काढून खुंटीला लावला आणि चहा मागितला. त्यानंतर कितीतरी सकाळी हेच संभाषण आमच्यात झालं, आणि दर वेळी त्यांनी कोट त्यानंतरच काढला.

अठ्ठ्याऐंशीच्या शरदात खरंच झेपेना. सीमाने रात्रीच्या रात्री जागून काढल्या होत्या, ते मी डोळ्यांनी बघितलं. दोघांनी मावशींना समोर बसवून सांगितलं, पुन्हा सांगितलं. तोवर त्यांचा राजाही गेला होता. मी कोण, तेही त्यांना कळत नव्हतं.

निघायच्या दिवशी सीमा स्टिअरिंगवर बसली, प्रसन्न मागे आईच्या शेजारी. चाइल्ड लॉक त्याने काढून टाकलं होतं. मावशींचा हात दाराच्या मुठीवर गेला, त्यांनी ओढली आणि दार उघडलं. त्यांनी एक पाय बाहेर टाकला आणि आमच्या बिल्डिंगकडे बघत राहिल्या. मी जागची हलले नाही. सीमाने गाडी सुरू केली नाही.

"आई," प्रसन्नने विचारलं, "जायचं ना?"

मावशींनी बराच वेळ विचार केला. मग पाय आत घेतला आणि दार स्वतःच ओढून घेतलं.