आप्पाण्णांचं एकच फळ

चातुर्मासात आप्पाण्णांनी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनिमहाराजांसमोर नियम घेतला, तिथंच सगळं बिनसलं. दिवाळीपर्यंत एकच फळ खायचं, बाकीची वर्ज्य. माणसानं केळं निवडावं, पेरू निवडावा. यांनी निवडलं पपनस! का, तर परसातलं झाड लगडलंय. त्रिशलाक्कांनी कपाळाला हात लावला.

थोरले दीर हार्ट अटॅकनं बसल्या जागी गेले, तेव्हापासून आप्पाण्णांची कोलेस्टेरॉलची गोळी हा त्रिशलाक्कांचा नियम होता. दिवस बुडाला की या घरात पाण्याचा घोटही चालत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंना विचारून त्यांनी रात्रीची गोळी संध्याकाळच्या जेवणाला आणली होती. आता जेवण, गोळी आणि वर अख्खं पपनस. सोलायला अर्थातच त्रिशलाक्का.

काही आठवड्यांत आप्पाण्णांच्या मांड्या ठणकायला लागल्या. बस्तीला जाताना ते भिंती धरत, पायरी आली की तिथंच बसत. त्रिशलाक्का पुढं जाऊन थांबायच्या, "उचला की पाय!" म्हणून करवादायच्या आणि मागं वळून त्यांचा चेहरा पाहिला की मनातून घाबरायच्या.

एका संध्याकाळी आप्पाण्णांनी गोळीच बाजूला सारली. "ह्या गोळीनंच पाय धरल्यात. आजपासनं बंद."

"बंद? थोरल्या भावजींनी बी असंच म्हटलं हुतं!"

"मग लंगडत जगू व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्रिशलाक्कांनी त्यांना रिक्षात घालून निपाणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हल्ली खाण्यात नवीन काही?"

"पपनस," आप्पाण्णा अभिमानानं म्हणाले. "रोज एक."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "फळ चांगलं, गोळीही चांगली, पण दोघांचं पटत नाही. पपनस खाल्लं की ही गोळी रक्तात वाजवीपेक्षा जास्त साठते. मग स्नायू दुखतात. पपनस बंद करा. रक्त तपासू, मग मी सांगेन तेव्हा गोळी परत सुरू."

"सकाळी खाल्लं तर?"

"नाही. असर दुसऱ्या दिवशीही राहतो."

"अर्धं?"

"अहो, गप बसा की!" त्रिशलाक्का ओरडल्या.

घरी येऊन नवंच नाटक. "माझं एकच फळ ऱ्हायलंय. नियम मोडू काय?"

"दुसरी फळं खायाची न्हाईत, एवढाच नियम हाय. पपनस खायाच पायजे असं महाराजांनी कुठं सांगिटलंय?"

यावर आप्पाण्णा रुसले. सकाळी मात्र बस्तीत जाऊन पपनसही सोडून आले. रिपोर्ट बरा निघाला, पाय मोकळे झाले आणि डॉक्टरीणबाईंनी गोळी पुन्हा सुरू केली.

दिवाळीच्या तोंडावर बस्तीत आप्पाण्णांना शाल घातली. समदी फळं सोडणारा माणूस! "त्यागानं अंग हलकं हुतंय बघा," ते सगळ्यांना सांगत होते. गोळी नाही, डॉक्टरीण नाही, सोलून सोलून बोटं कडू झालेली बायको तर नाहीच. बायकांत बसलेल्या त्रिशलाक्कांचा संताप संताप झाला.

रस्त्यावर येताच त्यांनी तोंड सोडलं. "त्याग म्हणं! ओढून दवाखान्यात नेलं कुणी?" अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण ऐकायला शेजारी कुणी नव्हतं. खांद्यावर शाल टाकून आप्पाण्णा पार कोपऱ्यापर्यंत पोचले होते.

"अहो, जरा हळू चाला की!" त्या धापा टाकत ओरडल्या. आपण काय बोललो ते कानावर पडलं आणि त्यांना एकदम रडूच आलं.

आप्पाण्णांनी वळून पाहिलं. "दिवस बुडायलाय. गोळी घ्यायची हाय मला. उचल की पाय!"