ओवाळणीतला इनटेक

माझ्या भावाने मला एका भाऊबीजेला गाडीचा पाइप दिला. साडी नाही, पाकीट नाही, पाइप. लालभडक, हातभर लांब, एका टोकाला शंकूसारखा फिल्टर. मी त्याला ओवाळलं, त्याने ते भलंमोठं खोकं ताटात ठेवलं, ताट कललं आणि निरांजनातलं तूप माझ्या नव्या ड्रेसवर सांडलं. "ताई, एअर इनटेक आहे," तो म्हणाला. "इंजिनाला थंड हवा मिळाली ना, की गाडी नुसती पळते."

माझ्या गाडीला कुठेही पळायचं नव्हतं. आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर मी ती छोटी पेट्रोल गाडी जुनी घेतली. सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी बदलापूरच्या घरातून आईला घ्यायचं, अंबरनाथ ओलांडून उल्हासनगरच्या डायलिसिस सेंटरला पोचवायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, एवढंच तिचं काम. आईचा एक वार चुकला तर दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजतात, आणि आडवं झालं की तिला धाप लागते. घरात मी आणि आई, दोघीच. भाऊ अंबरनाथ पश्चिमेला राहतो, फ्लॅटची दलाली करतो आणि फोनवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. एवढ्या शिक्षणावर त्याने त्याच दुपारी माझं बॉनेट उघडलं.

कंपनीने बसवलेला काळा प्लॅस्टिकचा डबा त्याने उपटून काढला. त्या डब्याचं तोंड वर होतं, हेडलाइटच्याही वर. त्याच्या लाल पाइपाचं तोंड पार खाली, पुढच्या बंपरच्या मागे. फिल्टर जमिनीपासून जेमतेम सव्वा वीत. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत रबराच्या होजची, म्हणजे नळ्यांची, तपासणी करते, वीसेक वर्षं झाली. हवेच्या पाइपात पाणी शिरलं तर काय होतं ते मला व्हिडिओ बघून कळायची गरज नाही. म्हटलं, "अरे, एवढा खाली? पावसात काय करायचं?" तर म्हणाला, "ताई, पावसाळ्याला आठ महिने आहेत." आणि जाताना जुना डबा कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला देऊन गेला. मला न विचारता. जणू काही माझ्यावर उपकारच केले.

आठ महिने गाडी म्हशीसारखी हंबरत होती. भावाच्या मते तो आवाज म्हणजे ताकद. शेजारचे आम्ही निघालो की खिडकीत यायचे.

मे महिन्यात मी आईला म्हटलं की आता तो पाइप काढते आणि काहीतरी वर बसणारं लावते. आई जेवत होती, तिने घास खाली ठेवला. "ओवाळणीतली वस्तू काढून टाकायची नसते. भावाला लागतं." मी विचारलं, काय लागतं? म्हणाली, आयुष्याला लागतं. पुढे म्हणाली, काढलास तर मी त्या गाडीत बसणार नाही. आमच्या घरात बहिणीला मिळालेली ओवाळणी बहीण कपाटात जपून ठेवते, अगदी फाटकी साडीसुद्धा. पण कपाटातली साडी कोणाला घेऊन पाण्यात उतरत नाही, हे मी आईला पटवू शकले नाही. मी भांडले, ओरडले, आणि शेवटी तिचं ऐकलं. त्याबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो.

जुलैत एका बुधवारी व्हायचं ते झालं. अंबरनाथ सोडून उल्हासनगरात शिरताना नाल्याजवळ रस्ता खोलगट आहे, तिथे पाणी भरलं होतं. फार नव्हतं. रिक्षा जात होत्या, स्कूटीवाल्या पोरी पाय वर घेऊन जात होत्या. जांभूळ गावावरून वळसा घालावा तर तिकडे नदीचं पाणी. मी गाडी घातली. मधोमध गेल्यावर बॉनेटखाली कोणी हातोडा मारल्यासारखं 'खट' झालं आणि गाडी बंद. पुन्हा चावी फिरवली नाही, एवढं मला कळत होतं. दाराच्या फटीतून पाणी आत आलं आणि आईच्या चपला तरंगायला लागल्या.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "साइटवर आहे ताई, पार्टी आलीय, तू रिक्षा बघ ना." एव्हाना एकही रिक्षा थांबत नव्हती. शेवटी जीन्सच्या कापडाचे गठ्ठे नेणारा एक टेम्पोवाला थांबला. त्याने आणि मी मिळून आईला त्या गठ्ठ्यांवर चढवलं. वर ताडपत्री, खाली निळं कापड, मध्ये माझी आई, पदर डोक्यावर घेऊन. सेंटरला पोचलो तोवर आमची वेळ गेली होती, खुर्ची दुसऱ्या पेशंटला दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मशीन लावलं तेव्हा तिला चार शब्दसुद्धा सलग बोलता येत नव्हते.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. पाणी आत ओढलं गेलं होतं, आतला एक रॉड केळ्यासारखा वाकला होता. त्याने बंपरमागे हात घालून चिखलाने भरलेला फिल्टर बाहेर काढला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कोणी बसवलं?"

"माझ्या भावाने."

"सख्खा?" तो म्हणाला.

भावाने यावर एकदाही चूक कबूल केली नाही. तो म्हणाला, पाणीच जास्त होतं. आई म्हणाली, पाणीच जास्त होतं, त्याचा काय दोष. इंजिन दुरुस्त होईपर्यंत आम्ही शेजाऱ्यांची गाडी मागत होतो, हातापाया पडत. आणि त्याच दिवसांत मी ठरवलं की आईला न सांगता तो पाइप काढायचा.

पण त्याच्या जागी लावायचं काय? कंपनीचा मूळ डबा सगळ्यात चांगला, हे मेकॅनिकपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना मान्य. पण ते मॉडेल बंद झालेलं. शोरूम म्हणालं, मागवावा लागेल, तीन-चार आठवडे. भंगारात दोन डबे मिळाले, दोन्हींचे बोल्ट लावायचे कान तुटलेले. आईच्या किडन्या चार आठवडे थांबणार नव्हत्या. म्हणजे बाहेरचाच घ्यायचा. मग मी टेप घेतला आणि त्या नाल्याजवळ गेले. तिथल्या एका गाळ्याच्या भिंतीवर दर पावसाळ्याच्या गाळाची रेघ उमटलेली आहे. माझ्या गुडघ्याखाली चार बोटं. टेप धरून वाकलेल्या बाईकडे येणारे-जाणारे बघत होते. बघू दे म्हटलं.

उल्हासनगरात ॲक्सेसरीजच्या दुकानांची रांग आहे. मी ज्यात शिरले तिथल्या मालकाने माझ्यामागे कोण येतंय ते आधी बघितलं. कोणी येत नव्हतं. "मॅडम, गाडी किसकी है? भाईसाब को ले आओ ना, उनको समझाता हूं."

"भाईसाबनेच वाट लावलीय," मी म्हटलं. "मुझे समझाओ."

त्याने पहिला पाइप काढला तो हुबेहूब माझ्या भावाचा, फक्त निळा. खाली तोंड. म्हटलं, बारिश में चलाना है. तर त्याने फिल्टरवर चढवायचा काळ्या कापडाचा मोजा काढला. "वॉटरप्रूफ है मॅडम, बेफिकर." मी विचारलं, शिंतोड्यांसाठी की बुडवायला? त्याने मोजा परत गुंडाळला. मोज्याने शिंतोडे अडतात, पूर्ण बुडाला की मोजा घाला नाहीतर स्वेटर घाला, इंजिन पाणीच ओढणार. दुसरा त्याने दाखवला तो आखूड पाइप, फिल्टर बॉनेटमध्येच उघडा. उंच होता, हे खरं. पण पंख्याच्या समोर येत होता, आणि पाण्यातून जाताना पंखा सगळं पाणी उडवतो ते थेट त्याच्यावर. शिवाय फिल्टरला तेल लावलेलं. तेल उडून हवेच्या सेन्सरवर बसतं आणि तो बिघडतो, हे मला मेकॅनिकने सांगितलं होतं. नको म्हटलं. मग मधे झडप असलेला एक आला, खालचं तोंड बुडालं तर वरून हवा घेणारा. "घेईलच का?" मी विचारलं. "लेना तो चाहिए," तो म्हणाला. असल्या उत्तरावर मी आईला गाडीत बसवत नाही. तोवर शेजारच्या दुकानातून आलेला एक गृहस्थ मधे पडला, म्हणाला, जीपला असतो तसा पाइप छपरापर्यंत काढून देतो, प्लंबिंगच्या पाइपाचा. त्याच्याकडे मी फक्त बघितलं.

चौथा वस्तू म्हणून बरा होता. झाकण असलेला बंद डबा, आत कोरडा धुता येणारा फिल्टर, आणि तोंड वर, हेडलाइटच्या मागे. मी दुकानासमोर उभ्या असलेल्या तसल्याच एका गाडीवर धरून मोजलं. जमिनीपासून माझ्या कमरेला जरा कमी. गाळाच्या रेघेपेक्षा जवळपास दुप्पट उंच. तळाशी पाणी बाहेर सोडणारी रबराची एकतर्फी जीभ होती, तसल्या जिभा मी रोज तपासते.

"पाण्याची बादली द्या," मी म्हटलं.

"क्यों?"

आमच्या खात्यात कुठलाही होज बादलीत बुडवल्याशिवाय पास होत नाही. एक तोंड तळहाताने बंद, दुसऱ्यातून हवा, बुडबुडा आला की बाजूला टाक. वरून पावसाचं पाणी जोडातून आत झिरपणार असेल तर तोंड कितीही उंच असून काय उपयोग. मालक कपाळाला हात लावून म्हणाला, "मॅडम, गाडी है, पनडुब्बी नहीं." दुकानातली गिऱ्हाईकं हसली. मी म्हटलं, "त्यात माझी आई बसते." मग त्याने बादली दिली.

पहिल्या डब्याच्या जोडातून बुडबुडे आले. दुसऱ्यातूनही. मालक म्हणाला, सब ऐसे ही आते हैं. मी म्हटलं, तिसरा काढा. तो एका सिंधी गिऱ्हाइकाला म्हणाला, "देखो साईं, मेरा आज का दिन." पण काढला. तिसऱ्याच्या जोडातून काही आलं नाही. मी दोनदा बुडवला, मग त्याने स्वतः एकदा बुडवला, आणि नंतर मात्र त्याने भाईसाबचं नाव काढलं नाही. मेकॅनिककडे डबा बसवताना क्लॅम्प मी स्वतः आवळला.

लाल पाइप फेकून द्यायला माझा हात धजावला नाही. तो कंपनीतल्या लॉकरमध्ये ठेवला. एवढं सगळं होऊन हात धजावू नये, याचीही मला चीडच आली. पहिल्या दिवशी आई गाडीत बसून म्हणाली, "आज हंबरत नाही ती." मी म्हटलं, सर्व्हिसिंग केलीय.

ऑगस्टात एका शुक्रवारी त्या नाल्यापाशी पुन्हा पाणी होतं. मी कडेला गाडी थांबवली आणि आधी भिंत बघितली. रेघ पाण्याच्या वर दिसत होती. नसती दिसली तर परत फिरायचं, हेही ठरवलेलं होतं, डबा कितीही चांगला असला तरी. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटरवरचा पाय एका जागी ठेवला आणि चालण्याच्या वेगाने शिरले. समोरून एक ट्रक आला, त्याची लाट बॉनेटवर चढली. मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं लागली. इंजिनाचा आवाज बदलला नाही. आम्ही बाहेर निघालो तेव्हा मी आधी ब्रेक दोनदा दाबून बघितले.

सेंटरला वेळेच्या आधी पोचलो. आईला खुर्चीत बसवलं, एका हाताला सुया लागल्या, दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा. मशीन सुरू झालं, तिचं रक्त नळीतून फिरायला लागलं, आणि ती सिस्टरला म्हणाली, "आज रस्ताभर पाणी होतं, पण माझ्या मुलाने गाडीला असं काही बसवून दिलंय की काही झालं नाही."

सिस्टर म्हणाली, "नशीबवान आहात मावशी. गाडी कोण चालवतं?"

"ही," आई म्हणाली, आणि मला भावाला फोन लावायला सांगितलं.

तिचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून फोन मीच तिच्या कानाला धरला. ओल्या सलवारीतून पाणी माझ्या चपलेत उतरत होतं आणि आई त्याला सांगत होती, बाळा, तुझ्यामुळे पोचले रे. तो पलीकडून म्हणत होता, "मी म्हटलंच होतं ना आई, तुम्ही बायका उगाच घाबरता." त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. त्या क्षणी मला भावापेक्षा आईचा राग आला. ओरडून सांगावंसं वाटलं की तुझ्या लाडक्याचा पाइप लॉकरमध्ये पडलाय. मग आईने मान वळवली. "घे, ताईशी बोल," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. बऱ्याच दिवसांनी तिचा श्वास शांत चालला होता.

मी फोन माझ्या कानाला लावला.

"काय ताई? चालला ना माझा इनटेक?"

"हो," मी म्हटलं. "तुझाच आहे."

त्यानंतर आजपर्यंत मी त्याला माझ्या गाडीचं बॉनेट उघडू दिलेलं नाही.